म्हणजे एसीवालाच ना?

"मॅडम, मेकॅनिकलची चार वर्षं फी भरली अन् आता पोट्टा म्हणते, इमारतींच्या विजेचं काम करतो. म्हणजे एसीवालाच ना?" सीताबर्डीत कपड्यांचं दुकान असलेले वडील तावातावाने बोलत होते. मुलाला ऊर्जा सल्लागाराच्या, म्हणजे इमारतींतली वीज कशी वाचवायची ते सांगणाऱ्याच्या, एका छोट्या ऑफिसातून बोलावणं आलं होतं. पगार आयटीत गेलेल्या मित्रांपेक्षा कमी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

करिअर समुपदेशक म्हणून अशा वेळी मी पालकांची समजूत घालत बसत नाही, मुलालाच बोलतं करते. "बाबांच्या दुकानात वीज कुठे जाते, सांग."

तो सावरून बसला. दुकानाची दर्शनी काच पश्चिमेला. तीननंतर ऊन थेट आत, त्यात शोकेसचे हॅलोजन. एसीची अर्धी ताकद त्यांच्याशी झुंजण्यातच जाते. बाबा आणखी एक टनाचा एसी घ्यायला निघालेत, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची सोय. ती उष्णता आत येऊच दिली नाही तर? काचेवर बाहेरून छज्जा, आत एलईडी. घरचा कूलर मेच्या कोरड्या हवेत बहार आणतो आणि जुलैत अंग चिकचिकवतो, हे नागपूरकराला सांगायला नको; पण हॉस्पिटल गार ठेवणारी यंत्रणा ठरवताना हाच हिशेब महिनावार मांडावा लागतो.

वडील मध्येच म्हणाले, "छज्ज्याले किती लागते बे?"

मग मला फार बोलावं लागलं नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, मोठ्या व्यापारी इमारतींनी वीज कशी जपून वापरावी याची संहिता २००७ ची, आणि २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही या चौकटीत आणायची वाट मोकळी झाली. काम आटेल असं मला वाटत नाही. मात्र सुरुवातीची वर्षं तळघरात आणि गच्चीवर मीटर लावून नोंदी घेण्यात जातात, रात्री अहवाल. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ऊर्जा लेखापरीक्षक (वीज कुठे वाया जाते ते तपासणारा) परीक्षेचे चार पेपर असतात आणि पदवीसोबत कामाचा अनुभवही लागतो, त्यामुळे ही वर्षं खात्यात जमाच होतात.

हो म्हणण्याआधी मुलाने दोनच गोष्टी विचाराव्यात, असं सुचवलं: उष्णताभाराची, म्हणजे इमारतीतून किती उष्णता बाहेर काढावी लागेल याची, आकडेमोड नवख्याला करू देता का, आणि ती तपासून कोण देतं? पगारही कमी आणि शिकवणारंही कोणी नाही, असं निघालं तर खुशाल पुण्याची गाडी पकड, हेही सांगून टाकलं.