एक्स-रेचं शिक्षण आणि घराचं गहाणखत

प्रश्न : मी कराड तालुक्यात राहतो, साखर कारखान्यात नोकरीला आहे. वय 54. मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत 68 टक्के आहेत. तिला रेडिओग्राफीत, म्हणजे एक्स-रे, सीटी काढण्याच्या कामात जायचंय. पुण्यातल्या एका एजंटने इंग्लंडमधला दोन वर्षांचा एमएस्सी डायग्नोस्टिक रेडिओग्राफी सुचवलाय, खर्च 42 लाख सांगतोय. घर तारण ठेवून बँक 40 लाख द्यायला तयार आहे, व्याज साडेदहा टक्के. माझ्याकडे 9 लाखांची एफडी आहे. धाकटा मुलगा दहावीत आहे. गावाजवळची एक संस्था 80 हजारांत सहा महिन्यांचा एक्स-रे टेक्निशियन कोर्स देते, नातेवाईक तो करा म्हणतात. इंग्लंडच्या सीटसाठी आठ दिवसांत दीड लाख भरायचे आहेत. काय करू?

उत्तर : दीड लाख भरू नका. निदान या आठ दिवसांत तरी नको. प्लॉट विकणारेही अशीच घाई लावतात हे तुम्ही पाहिलं असेल.

एजंट खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. दुसऱ्या विषयातली पदवी असलेल्यांसाठी दोन वर्षांचा असा एमएस्सी तिकडे खरोखर असतो आणि फिजिक्सच्या मुलांना तो खुला असतो. पण 42 लाख हा खर्चाचा आकडा नाही, ती नुसती फी आहे. तुम्ही पाठवलेलं कोटेशन पाहिलं : वर्षाला 18 हजार पौंड, दोन वर्षांचे 36 हजार, पौंड 117 रुपये धरून 42 लाख. मुलगी राहणार कुठे, खाणार काय, याचा त्या कागदावर उल्लेखच नाही. लंडनबाहेर काटकसरीत महिना हजार पौंड धरले तरी दोन वर्षांचे 28 लाख होतात. व्हिसा, तिथल्या आरोग्यसेवेचा वर्षाला 776 पौंडांचा अधिभार, विमानाचं तिकीट, असे आणखी 3 लाख. बेरीज 73 लाख.

पार्टटाइम काम करून भागेल असं त्याने सांगितलं असणारच. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, हे खरं. पण या अभ्यासक्रमात कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये पूर्णवेळ प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं. कधी सकाळची पाळी, कधी लांबचं गाव. त्यात वीस तास कुठून काढणार? मी दोन वर्षांत फार तर 8 लाखांची कमाई धरतो. तरी 65 लाख उरतात. कर्ज 40, एफडी 9. वरचे 16 लाख कुठून येणार, हा प्रश्न दुसऱ्या वर्षाची फी भरताना उभा राहील आणि तेव्हा मागे फिरायला वाट नसेल. मधल्या काळात पौंड 125 झाला, तर त्या एका वर्षाच्या फीतच जवळपास दीड लाखाची भर पडेल.

आता हप्त्याचं बघू. 40 लाख चार टप्प्यांत उचलले, शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही असं धरलं, तर या तीन वर्षांत सरळव्याजानेच साडेनऊ लाख चढतात. मग साडेएकोणपन्नास लाखांवर दहा वर्षं महिना साधारण 66,700 रुपये. करसवलतीवर मदार ठेवू नका. शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि जो फेडतो त्यालाच मिळते. मुलगी तिकडे कमावणार असेल तर तिला इथे त्याचा काही उपयोग नाही.

सगळं सुरळीत झालं तर हा हप्ता ती फेडू शकेल, हेही सांगितलं पाहिजे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नवा रेडिओग्राफर बँड 5 या पगारश्रेणीवर लागतो. 2025-26च्या पगारपत्रकात इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात वर्षाला 31,049 पौंडांपासून आहे. कर आणि पेन्शन कापून महिना दोन हजार पौंडांच्या आसपास हातात. हप्त्याचे 570 गेले, घरभाडं-खाणंपिणं अकराशे-बाराशे, म्हणजे अडीचशे-तीनशे शिल्लक. ओढाताण होईल, पण भागेल.

माझी काळजी सुरळीत होण्याची नाही. तिकडे रेडिओग्राफर म्हणवून घ्यायलासुद्धा एचसीपीसी या नियामकाकडे नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण पास झाल्यावरच होते. लेखी पेपर निघाले पण प्लेसमेंटमध्ये अडकली, तर पदवी अर्धवट आणि नोंदणी शून्य. शिक्षणानंतर नोकरी शोधायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, तो 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळणार आहे. त्या मुदतीत व्हिसा प्रायोजित करणारी नोकरी नाही मिळाली, तर ती परत येईल. इकडच्या खासगी सेंटरमध्ये सुरुवातीच्या वीस-पंचवीस हजारांतून 66,700चा हप्ता कसा भरणार? तोपर्यंत तुम्ही निवृत्तीला टेकलेले असाल. कर्ज तिच्या नावावर असेल, पण गहाणखतावर तुमचं घर आहे.

सहा महिन्यांच्या कोर्सचा विचार तर सोडूनच द्या. 2021च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानुसार या क्षेत्रातल्या डिप्लोमालाही किमान दोन वर्षं आणि 2,000 तास लागतात. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र त्यात बसत नाही. स्वस्त वाटणारे 80 हजार इथे सर्वात महाग पडतील, कारण त्याबदल्यात हातात काहीच येत नाही.

मग इथे राहून काय? तुमच्या पत्रात एक गृहीत आहे आणि बहुतेक पालकांचं तेच असतं : मुलीने फिजिक्स करून तीन वर्षं वाया घालवली, आता मेडिकलकडे यायचं तर पहिल्यापासून सुरुवात. क्ष-किरण शोधणारा राँटजेन डॉक्टर नव्हता हो, भौतिकशास्त्रज्ञ होता. 1901 साली फिजिक्सचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं. किरणांच्या कामात फिजिक्सवाल्याची एक स्वतंत्र खुर्ची आजही आहे, फक्त एजंट ती दाखवत नाही, कारण त्यात त्याला कमिशन नाही.

ती खुर्ची मेडिकल फिजिसिस्टची. कॅन्सरच्या रुग्णाला किरणांची किती मात्रा, कुठल्या कोनातून द्यायची याचा हिशेब, यंत्राची तपासणी, किरणसुरक्षेची जबाबदारी हे त्याचं काम. रेडिओथेरपी, म्हणजे किरणोपचार चालवणाऱ्या हॉस्पिटलला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या नियमानुसार असा माणूस ठेवावाच लागतो. वाटा दोन आहेत. एमएस्सी फिजिक्स करून भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम, किंवा बीएस्सीनंतर थेट मान्यताप्राप्त एमएस्सी मेडिकल फिजिक्स. त्यानंतर रेडिओथेरपी विभागात एक वर्षाची इंटर्नशिप. भाभा केंद्रातल्या जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा कठीण, आणि एमएस्सीला 60 टक्के हवेत. सोपं नाही. पण तिचे 68 टक्के बघता अशक्यही म्हणवत नाही.

यंत्राच्या हिशेबापेक्षा रुग्णाजवळ राहायला आवडत असेल, तर अणुवैद्यक तंत्रज्ञान बघा. रुग्णाला किरणोत्सारी औषध देऊन शरीराच्या आतलं चित्र काढायचं, म्हणजे पेट-सीटी आणि गॅमा कॅमेऱ्याचं काम. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली मुंबईत याचं बीएस्सीनंतरचं शिक्षण मिळतं, तेही टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी. एक मात्र लक्षात ठेवा, या पदवीने इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर म्हणून नोंदणी होत नाही. रस्ता वेगळा, गाव वेगळं.

आणि तिला एक्स-रे, सीटी, एमआरआयच करायचं असेल तर सरळ रेडिओग्राफीची पदवी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, वर एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली तर फी तुमच्या आवाक्यातली. ही वाट मला पैशाच्या बाजूने आवडते, पण ती फुकट नाही. चार वर्षं कमाई नाही, म्हणजे महिना वीस हजार धरले तरी साडेनऊ लाखांवर पाणी. हाही खर्चच, फक्त त्याची पावती मिळत नाही. दुसरी अडचण, बीपीएमटीला बारावीचं बायोलॉजी बघतात. मुलीने पीसीएम घेतलं असेल तर ही वाट बहुधा बंद. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, आज मार्कलिस्ट काढून बघा. राज्याच्या आरोग्य विभागात क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी हे पदही असतं. कोणती पदवी घ्यायची ते ठरवण्याआधी जुन्या जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा.

इंग्लंडचं स्वप्न यात मरत नाही. इथली रेडिओग्राफीची पदवी आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊनही एचसीपीसीकडे अर्ज करता येतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7 आणि कुठल्याही भागात साडेसहाच्या खाली नको. कागदपत्रं कडक तपासतात, नोंदणी मिळेलच असं नाही. पण अर्ज नाकारला तर फीपुरतं नुकसान होतं, घर जात नाही.

एजंटच्या माहितीपत्रात ‘सोनोग्राफीही शिकवतात’ असं मोठ्या अक्षरात आहे. तिकडे ते काम सोनोग्राफर करतात. भारतात पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे ते पात्र डॉक्टरांनीच करायचं असतं. परत आल्यावर त्या कौशल्याचे इथे पैसे होत नाहीत.

पैशांची मांडणी मी अशी करेन. 9 लाखांतले 3 लाख घरखर्चाची शिबंदी म्हणून बाजूला. त्याला कुणी हात लावायचा नाही. 2 लाख मुलाच्या नावाने, त्याची अकरावी-बारावी तोंडावर आहे. उरलेले 4 लाख मुलीचे. कमी पडलं तर देशातल्या शिक्षणासाठी साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज घर तारण न ठेवता मिळू शकतं. संस्था केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी कर्जयोजनेच्या यादीत असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना आणि हप्ता सुरू होईपर्यंतच्या सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूटही आहे. पीएफ मात्र कुणाच्याही शिक्षणासाठी मोडू नका. मुलांना कर्ज मिळतं, निवृत्तीला मिळत नाही.

यातून मला एकच वाट निवडायला सांगाल तर मेडिकल फिजिक्स, कारण तिथे तिची झालेली तीन वर्षं जमा होतात. पण ती खुर्ची तिला हवी आहे का, हे मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नसावं. पूर्ण पत्रात तिचं एकही वाक्य नाही. तिला कराड किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागात परवानगी काढून आठवडाभर बसू द्या. त्यात एक रात्रपाळी असू द्या. अपघाताचा रुग्ण स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना काय होतं ते बघू द्या. शक्य असेल तर रेडिओथेरपीतही दोन दिवस. तिथल्या मुलांच्या छातीवर टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला आहे का, हेही तिने बघावं. पुढे शिकाऊ म्हणून कुठे जायचं ते ठरवताना उपयोगी पडेल. जिथे शिकणाऱ्याला बिल्ला देत नाहीत, तिथे फी कितीही कमी असो, पाठवू नका.

एवढं करूनही ती इंग्लंडच म्हणाली, तर एजंटला बाजूला ठेवून एचसीपीसीच्या मान्य अभ्यासक्रमांच्या यादीत ते विद्यापीठ आहे का ते तिने स्वतः शोधावं, विद्यापीठाला थेट ईमेल करून शिष्यवृत्तीचं विचारावं, आणि 65 लाखांपैकी घर तारण न ठेवता किती उभे राहतात तो आकडा घेऊन तुम्ही दोघांनी मला पुन्हा लिहावं.