लॅबमधल्या हिऱ्याची क्लॅरिटी कशी निवडावी

पहिल्यांदाच घेताय, तर एक समज आधी मनातून काढा: व्हीव्हीएस (क्लॅरिटीची वरची ग्रेड; तिच्या खाली व्हीएस, मग एसआय, आणि प्रत्येकीत 1 हा 2 पेक्षा वरचा) घेतला म्हणजे हिरा जास्त चमकेल, असं नाही. चमक कटमुळे, म्हणजे हिऱ्याचे पैलू किती नीट पाडलेत त्यामुळे येते. क्लॅरिटी ठरते ती दहापट मोठं करून पाहिल्यावर दिसणाऱ्या खुणांवरून. व्हीएस-1 आणि व्हीव्हीएस-2 मधला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. गोल ब्रिलियंट कटला व्हीएस-2 भरपूर झाली. एसआय-1 सुद्धा चालेल, फक्त काळा ठिपका मधोमध, टेबलखाली (हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूखाली) नको. एमराल्ड आणि अ‍ॅशर कटमध्ये (पायऱ्यांसारखे लांब पैलू असलेल्या आकारांत) मात्र आतलं सगळं आरपार दिसतं, तिथे व्हीएस-1 च्या खाली उतरू नका.

खरी काळजी पुढे आहे. क्लॅरिटीच्या ग्रेडवरून न कळणारे दोष लॅबच्या हिऱ्यांत असतात. काही सीव्हीडी (वायूपासून थरावर थर चढवून वाढवलेल्या) हिऱ्यांत तपकिरी छटा किंवा धूसरपणा असतो, काही एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णतेत बनवलेल्या) हिऱ्यांत निळसर झाक. (एचपीएचटीत धातूचे कणही अडकतात, जास्त असतील तर हिरा चक्क चुंबकाकडे ओढला जातो!) कागदावर उत्तम ग्रेड असलेला हिराही त्यामुळे मंद दिसू शकतो. म्हणून दिव्यांच्या झगमगाटात नव्हे, साध्या दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ मागाच. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरा हिरा बघा.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर जीआयए ही हिरे तपासणारी संस्था ऑक्टोबर 2025 पासून लॅबच्या हिऱ्यांना फक्त ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ असा शेरा देते. नेमकी ग्रेड हवी असेल तर आयजीआय या दुसऱ्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र बघा, आणि क्लॅरिटीत वाचलेले पैसे कटवर घाला.