पुण्याच्या महात्मा फुले मंडईचा इतिहास काय आहे आणि तिथले वातावरण कसे असते?

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात उघड्यावरच भरत असे. तो छपराखाली आणण्यासाठी नगरपालिकेने शुक्रवार पेठेत दगडी इमारत उभारली, ती 1886 मध्ये सुरू झाली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ म्हटले जाऊ लागले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला ठाम विरोध केला होता, कारण तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले, आणि माझ्या मते मंडईची ओळख सांगताना हा विरोध वगळणे अन्यायाचे ठरेल.

मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून चहूबाजूंना फुटलेली, उतरत्या छपरांची लांब दालने अशी तिची रचना असल्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा जाणवतो. विक्रेते उंच ओट्यांवर मांडी घालून बसतात, पुढ्यात भाज्यांचे ढीग रचलेले असतात आणि ओल्या कोथिंबिरीचा वास दारापासूनच येऊ लागतो. घासाघीस होते, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर मिरच्या न मागताही पडतात. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला असला, तरी किरकोळ खरेदी येथे आजही जोमात चालते. शक्यतो सकाळी लवकर जावे, कारण माल तेव्हाच ताजा मिळतो.