अर्क आणि एमटीटी : आधी एवढं सांभाळ

वनस्पतीचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो का, हे तू एमटीटी चाचणीने बघतोयस: जिवंत पेशी एमटीटीचं पिवळं द्रावण जांभळं करतात, त्या रंगावरून किती जगल्या ते कळतं. पण पहिल्याच प्लेटमध्ये (छोट्या खणांच्या ताटलीत) ऐंशी टक्के पेशी मेल्या म्हणून हुरळून जाऊ नकोस. आधी बघ, त्या अर्काने मेल्या की डीएमएसओ या द्रावकाने? अर्क ज्यात विरघळवलास ते डीएमएसओ तेवढंच, पण अर्काशिवाय घातलेला कंट्रोल (तुलनेचा खण) प्रत्येक प्लेटमध्ये हवाच. खणातलं डीएमएसओचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या खाली ठेव, ०.१ जमलं तर उत्तम.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. वनस्पतीतली पॉलिफेनॉल्स ही रसायनं पेशी नसतानाही एमटीटीचं पिवळं द्रावण जांभळं करतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात! माझे दोन महिने यात गेले. म्हणून तीन-चार खणांत पेशी न टाकता फक्त माध्यम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण), अर्क आणि एमटीटी घाल. रंग आला, तर एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पेशी बफरने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) हलक्या हाताने धू. अर्क मुळातच गडद असेल, तर हे करच.

बाकी थोडक्यात:
- ९६ खणांच्या प्लेटच्या कडेचे खण सुकतात, तिथे नुसतं बफर भर.
- डॉक्सोरुबिसिनसारखं कर्करोगावरचं माहितीतलं औषध तुलनेसाठी सोबत लाव.
- निरोगी पेशीही तपास. अर्क सगळ्यांनाच मारत असेल, तर ते नुसतं विष.
- एकाच प्लेटमधले तीन खण म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्या पेशी घेऊन तीनदा कर.
- मायकोप्लाझ्माची (पेशींत नकळत शिरणाऱ्या जिवाणूंची) चाचणी टाळू नकोस.

फ्लो सायटोमेट्री, वेस्टर्न ब्लॉट वगैरे पुढच्या तपासण्या सध्या राहू दे. आधी कंट्रोलचे आकडे तीन वेळा जुळव, मग आलेख दाखव.