नव्या कपाटाआधी

घरात पसारा आहे एवढ्यासाठी समुपदेशकाकडे सहसा कोणी येत नाही. लोक येतात ते त्या पसाऱ्यावरून होणाऱ्या भांडणांमुळे. या आईचेही तसेच होते. सात वर्षांची मुलगी काही केल्या आपल्या वस्तू आवरत नाही, तिचे पाहून अडीच वर्षांचा धाकटाही हाताला लागेल ते जमिनीवर ओततो, रोज संध्याकाळी आरडाओरडा होतो आणि मुले झोपली की आपल्यालाच अपराधी वाटत राहते, असे तिचे म्हणणे होते. मुलीत काही दोष आहे का, हे तिला जाणून घ्यायचे होते आणि भिंतभर मोठे कपाट घ्यायचे हेही घरात जवळजवळ ठरले होते. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत.)

वडिलांना यात विशेष काही वाटत नव्हते. मुलांचे घर असेच असायचे, असे ते हसून म्हणाले आणि त्या हसण्यानेच आई अधिक चिडली. अशा वेळी मी एक अभ्यास आवर्जून सांगते. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी 2010मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या संशोधनात जोडप्यांना आपापल्या घराचे वर्णन करायला सांगितले होते. ज्या स्त्रियांच्या वर्णनात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे वारंवार आली, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. त्यांच्या पतींमध्ये मात्र असा संबंध आढळला नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांना ती खोली वेगळी जाणवू शकते, हे मान्य झाल्यावर ते दोघे निदान एकाच बाजूला बसून बोलू लागले.

मुलीविषयीची शंका तुलनेने लवकर मिटली. शाळेत ती दप्तर आणि डबा जागच्या जागी ठेवत होती आणि शिक्षिकांची काहीही तक्रार नव्हती. लक्ष न टिकणे, वस्तू सतत हरवणे अशा अडचणी घरीही आणि शाळेतही दीर्घकाळ दिसत असतील, तर रीतसर तपासणी करून घ्यावी. जे मूल वर्गात आवरते आणि घरी आवरत नाही, त्याच्या बाबतीत मात्र आधी घराची मांडणी पाहावी, असे माझे मत आहे.

म्हणून मी आईला गुडघ्यांवर बसून, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून खोलीची छायाचित्रे काढायला सांगितले. त्यांत दिसले ते असे: खेळांचे डबे मुलीचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर होते आणि खाली झाकणाचा एक मोठा पेटारा होता, ज्यात ठोकळे, बाहुल्या, खडू, कोड्यांचे तुकडे असे सगळे एकत्र कोंबलेले होते. त्यातला एक तुकडा हवा असेल तर पेटारा पालथा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. असा ढीग समोर ठेवून ‘आवर’ म्हटले की मुलाला प्रत्येक वस्तूसाठी ती कशातली, कुठे जाणारी आणि आधी काय उचलायचे हे ठरवावे लागते. असे नियोजन करण्याची मेंदूची क्षमता मोठेपणापर्यंत विकसित होत राहते. सात वर्षांच्या मुलीला या ढिगासमोर ते जमले नाही, तर तो आळस नव्हे.

तेव्हा कपाटाची खरेदी थांबवून आधी बाहेर असलेल्या वस्तू कमी करायच्या, असे ठरले. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या 2018मधील अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळण्यांसह खेळू दिले होते. खेळणी कमी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. निम्म्याहून अधिक खेळणी बंद खोक्यांत गेली आणि मागितली की एक आत, एक बाहेर असा व्यवहार सुरू झाला. त्याचे वेळापत्रक करू नका, असे मी बजावले, कारण ते पाळण्याचे काम पुन्हा आईवरच पडले असते. उरलेल्या वस्तू बुटक्या, उघड्या मांडणीवर गेल्या आणि प्रत्येक टोपलीवर आत काय आहे त्याचे चित्र मुलीनेच काढून चिकटवले. मांडणी भिंतीला पक्की ठोकायला लावली, कारण लहान मुले फळ्यांवर चढतात. मणी, छोटी चुंबके आणि बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या असलेली खेळणी मात्र धाकट्यासाठी उंचावरच राहिली. तशी बॅटरी गिळून अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते.

खरी गाठ वेगळीच होती. चादर बदलताना आईला गादीखाली तुटके खडू, रिकाम्या डब्या, दोऱ्याचे गुंडे आणि एका फाटक्या दुपट्याचा कोपरा सापडला होता. मुलीशी एकटीशी बोलताना मी त्याविषयी विचारले, तेव्हा रंगवता रंगवता वर न पाहताच ती म्हणाली, “शाळेतून आल्यावर मी आधी बघते, आज काय काय गेलं ते.” ती शाळेत असताना आई निरुपयोगी वाटणाऱ्या वस्तू टाकत असे आणि मुलीने विचारले की “कुठेतरी असेल” असे सांगत असे. पसारा कमी करण्याच्या सगळ्या मार्गांत हा मला सर्वांत महाग वाटतो, कारण त्यामुळे मूल सोडायला नव्हे, लपवायला शिकते. त्या दुपट्याची गोष्ट तर आणखी निराळी होती. लहान मूल अशा एखाद्या मऊ वस्तूच्या आधाराने आईपासून थोडे दूर राहायला शिकते, हे डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकांनी 1950च्या दशकातच मांडले होते.

मुलीला एक खण तिच्या एकटीच्या मालकीचा मिळाला. त्यात आई हात घालणार नाही, टाकणार नाही आणि नाकही मुरडणार नाही. अट एवढीच की खण बंद झाला पाहिजे. तो बंद होईना तेव्हा काय काढायचे हे मुलगी स्वतः ठरवू लागली, आणि आईने सांगितले त्याप्रमाणे, पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या रिकाम्या डब्याच.

याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. खोलीतली बरीचशी जागा मुलांच्या खेळण्यांनी नव्हे, तर अपुऱ्या झालेल्या कपड्यांच्या गाठोड्यांनी अडवलेली होती आणि ती आईला सोडवत नव्हती. तिलाही मग एक पेटी दिली, मुलीच्याच अटीवर.

पुठ्ठ्याच्या मोठ्या घरांवरून अजून वाद होतात, कारण ती कोणत्याच खणात मावत नाहीत आणि मुलीला ती महिनोन्‌महिने उभी हवी असतात. छायाचित्र काढून ठेवायचे आणि कोणत्या दिवशी मोडायचे ते आधीच ठरवायचे, एवढ्यावर सध्या तडजोड झाली आहे. ठरलेला दिवस आला की मुलगी मुदत वाढवून मागते. ती द्यायची की नाही, यावर आईवडिलांचे अजून एकमत झालेले नाही.