एन्झाइम पन्नास अंशाला बंद पडतं, बदल कुठे करू?

प्रश्न: ताई, मी एमएस्सी बायोटेकला आहे. माझ्या प्रोजेक्टमधलं एन्झाइम पन्नास अंशांच्या पुढे गेलं की कामच करत नाही. एक अमिनो आम्ल बदलून अल्फाफोल्डमध्ये टाकलं तर आकार जसाच्या तसा आला. मग हे म्युटेशन चालेल ना?

उत्तर: नाही गं, त्यावरून ठरवू नकोस. अल्फाफोल्ड प्रोटीनची घडी कशी दिसेल ते सांगतं, ती किती घट्ट आहे ते त्यातून कळत नाही, प्रोटीन पार खिळखिळं करणारं म्युटेशन घातलंस तरी बऱ्याचदा तोच आकार येतो. घडी उलगडायला लागणाऱ्या ऊर्जेत किती फरक पडतो ते बघायला फोल्डएक्स किंवा रोझेटा ही सॉफ्टवेअर वापरतात. पण त्यांचाही अंदाज सहज एखाद किलोकॅलरीने चुकतो, आणि मुळात बऱ्याच प्रोटीनची सगळी स्थिरताच पाच-पंधरा किलोकॅलरीची असते, त्यामुळे यादीतलं पहिलं म्युटेशन उचलून लॅबमध्ये पळायचं नाही.

मला विचारशील तर प्रॉस वापर. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी 2016 मध्ये आणलेला सर्व्हर आहे. तो आधी तुझ्या प्रोटीनच्या नात्यातल्या प्रोटीनचे सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचे क्रम, बघतो, उत्क्रांतीत जे बदल जवळपास कुठेच दिसत नाहीत ते काढून टाकतो, उरलेल्यांवर रोझेटा चालवतो आणि मग एकाच डिझाइनमध्ये बरेच छोटे छोटे फायदे एकत्र करून देतो, म्हणजे एखादा अंदाज चुकला तरी बाकीचे सांभाळून घेतात. मलेरियाच्या लसीसाठी महत्त्वाचं असलेलं आरएच५ प्रोटीन बनवायला महागड्या पेशी लागायच्या, शिवाय ते उष्णतेत टिकायचं नाही. 2017 मध्ये प्रॉसने केलेलं त्याचं रूप साध्या ई. कोलाय जिवाणूमध्ये बनलं आणि 10 ते 15 अंश जास्त तापमान सोसू लागलं! गरम देशांत लस पोचवायची तर हे किती मोलाचं आहे बघ.

सर्व्हरला देताना अ‍ॅक्टिव्ह साइटची (जिथे एन्झाइमचं खरं काम होतं त्या जागेची) अमिनो आम्लं 'बदलू नका' म्हणून नक्की टाक. ती कामासाठी तिथे असतात, स्थिरतेसाठी नाही, सॉफ्टवेअरला ते आपोआप कळत नाही. एन्झाइमच्या दोन प्रती जोडीने काम करत असतील तर जोडीचंच स्ट्रक्चर दे.

मग चार-पाच डिझाइनचे जीन मागव. वितळण्याचं तापमान, म्हणजे घडी उलगडते ते तापमान, मोजायला महागडं मशीन नसलं तरी चालतं, सायप्रो ऑरेंज डाय घालून रिअल-टाइम पीसीआरवर होतं. आणि अ‍ॅक्टिव्हिटी मूळ एन्झाइमसोबत एकाच दिवशी, त्याच बफरमध्ये मोज.