पिंजऱ्यातून अंगणात आलेल्या कोंबड्या

प्रश्न : अंडी कमी झाली म्हणून पोल्ट्रीने विक्रीला काढलेल्या चार पिंजऱ्यातल्या कोंबड्या आम्ही जंगलालगतच्या येऊरच्या घरी आणल्या आहेत. पिसे झडलेली आहेत आणि दार उघडे ठेवूनही त्या खुराड्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. आमचे काही चुकते आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. ज्यांनी वर्षभर तारेच्या जाळीवर, प्रत्येकी ए-फोर कागदापेक्षाही कमी जागेत दिवस काढले, त्यांना माती, ऊन आणि मोकळे दार हे सारेच अनोळखी असते. म्हणून त्यांना ओढून बाहेर काढू नये, दाराशी खाद्य ठेवून वाट पाहावी.

चोचीचे टोक बहुधा छाटलेले असते, त्यामुळे विखुरलेले दाणे टिपणे त्यांना जड जाते. सवयीचे लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे तयार खाद्य) खोलगट भांड्यात द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा, कारण अंड्याच्या कवचासाठी हाडांतले कॅल्शियमही खर्ची पडलेले असते. याच ठिसूळ हाडांमुळे बसण्याची दांडी वीतभर उंचीवरच बांधावी. फिकट, लोंबता तुरा हळूहळू तांबडा होतो, आणि जन्मात प्रथमच मातीत लोळून पंख झटकणारी कोंबडी पाहताना मन भरून येते.

येऊरला मात्र रात्रीची जोखीम मोठी आहे. बिबट्याचा वावर असल्याने अंधार पडण्याआधी कोंबड्यांना आत घ्यावे. जाळी बारीक व जाड तारेची, कडी भक्कम असावी. पोट फुगलेली किंवा लंगडणारी कोंबडी पशुवैद्यकांना त्याच दिवशी दाखवावी.